रोटला या, पण ताप घेऊन नका येऊ

श्रावण लागला की आमच्या अमळनेरला दोन गोष्टी नक्की होतात, एक म्हणजे सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही आणि दुसरी म्हणजे माझ्या मेडिकलच्या काउंटरवर "भाऊ, सर्दी-तापाच्या गोळ्या द्या" म्हणणाऱ्यांची गर्दी होते. पहिल्या गोष्टीचं कारण सगळ्यांना माहितीये, कानबाई. दुसरीचं कारण विचारलं तर लोक सांगतात हवा बदलली, पाणी बदललं, पावसात भिजलो, रात्री जागरण झालं, पोराने बर्फाचा गोळा खाल्ला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणीच म्हणत नाही. मी म्हणतो. आणि हे वाचल्यावर घरचेच काही लोक माझ्यावर डाफरणार आहेत की तुला आता देवाच्या कार्यात पण व्हायरस दिसायला लागले का. दिसतात बाबा, काय करू, धंदाच तो आहे माझा.

जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, आणि त्यासाठी अख्खी भाऊबंदकी मूळ घरी जमा होते. सुरत, उधना, पुणे, नाशिक, कल्याण, जिथे जिथे पोटापाण्याला गेलेत तिथून सगळे. नारळाची देवी मांडायची, रात्रभर गाणी, फुगड्या, आणि मग रोट, म्हणजे देवीचा प्रसाद, जो भाऊबंदांनीच खायचा. एरवी चार-पाच माणसांचं घर त्या दोन-तीन दिवसांत तीस-चाळीस माणसांचं होतं, दोन खोल्यांत गाद्या टाकून ओळीने झोपायचं, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, आणि त्यात सुरतेहून एक पोरगं नाक वाहत आलेलं, त्याला दिवसभर हा काका कडेवर घेतो, ती आत्या मांडीवर घेते, मोठी माय पदराने नाक पुसून त्याच पदराने आपलं तोंड पुसते. मंगळवार-बुधवारी पाहुणे परत जातात आणि गुरुवारपासून गल्लीत खोकला सुरू होतो. हवा बदलली म्हणे.

फ्लूचा व्हायरस अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात, बहुतेकांना दोन. आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही पण असो, लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला तो देऊ शकतो, आणि नंतरही पाच-सात दिवस देत राहतो, लहान पोरं तर त्याहून जास्त दिवस. म्हणजे रविवारी ठणठणीत असलेला मामा सोमवारी दुपारी "अंग जरा दुखतंय" म्हणतो तोपर्यंत त्याने वाटप करून टाकलेलं असतं. आता कॅलेंडर बघा. आपल्या देशात फ्लूचे दोन सीझन येतात, एक साधारण जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यातला, जुलै ते सप्टेंबर. पहिला बरोबर आमच्या लग्नसराईच्या नि भरीत पार्ट्यांच्या दिवसांत, दुसरा कानबाई, पोळा, गणपतीच्या दिवसांत. एवढं नीट टाइमटेबल कोणी मुद्दाम बसून केलं असतं तरी जमलं नसतं.

आणि तरी कोणालाही विचारा, काय झालं रे, तर उत्तर एकच. "काही नही भो, साधी सर्दी शे. दोन दिनमा बरं व्हई जाई."

बरं, साधी सर्दी आणि फ्लू ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी सांगतो कारण काउंटरवर दोन्हींना एकच नाव आहे. साधी सर्दी करणारे व्हायरस खूप आहेत, त्यातल्या एकट्या रायनोव्हायरसचेच शंभराच्या वर प्रकार आहेत, म्हणून तर ती आयुष्यभर परत परत होते आणि तिच्यावर आजपर्यंत लस निघालेली नाही. ती हळूहळू येते, आधी घसा खवखवतो, मग नाक, मग थोडा खोकला, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. फ्लू असा येत नाही. फ्लू झालेला माणूस तुम्हाला वेळ सांगू शकतो, की सकाळी दहाला मी शेतात चांगला होतो आणि दुपारी तीनला मला बांधावर बसवेना. एकदम ताप, थंडी वाजून, डोकं फुटतंय, सांधे न् सांधा दुखतो, कोरडा खोकला, जेवणाकडे बघवत नाही. नाक गळणं त्यात असेलच असं नाही. ह्या माणसाला तुम्ही सर्दीची गोळी देऊन शेवभाजी खायला बसवलं (आमच्याकडे काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी हे नाक मोकळं करायचं सर्वमान्य औषध आहे, आणि नाक खरंच मोकळं होतं, अर्धा तास) तर त्याचं काही भलं होत नाही.

पण म्हणून साधी सर्दी सोडून द्यायची असंही नाही. दम्याच्या पोरांना विचारा, म्हणजे त्यांच्या आयांना विचारा. लहान मुलांमध्ये दम्याचा अटॅक येतो त्यातल्या बहुतेक वेळा आधी कुठला तरी सर्दीचाच व्हायरस झालेला असतो. मी दुकानात बसून बघतो ना, आधी आठ-दहा दिवस सर्दीची औषधं जोरात खपतात आणि मागून नेब्युलायझरच्या औषधांची मागणी वाढते, इनहेलर लागतात, मध्यरात्री शटर वाजवून कोणीतरी विचारतं वाफेचं मशीन भाड्याने मिळेल का. ज्याला पहिली सर्दी झाली तो केव्हाच बरा होऊन गप्पा मारत बसलेला असतो आणि हा अटॅक येतो त्याच्या पुतण्याला.

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. सर्दी-फ्लूचा हिशोब आपण ज्याला झाली त्याच्यापुरता करतो. त्याला काय, तो तिशीचा गडी, तीन दिवस पडेल आणि उठेल. "माले काय व्हस?" असं तो म्हणतो ते बरोबरच आहे, त्याला सहसा काही होत नाही. होतं ते दुसऱ्याला. घरात आबांना शुगर आहे, मोठ्या मायला बीपी, सून सात महिन्यांची गरोदर, वहिनीच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. फ्लू ज्यांना जड जातो त्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने दिलीये, गरोदर बाया, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, शुगर-हार्ट-किडनी-दमा असे जुने आजार असणारे, आणि दवाखान्यात काम करणारे. आता मला खान्देशातलं एक घर दाखवा ज्यात ह्या यादीतलं कोणीच नाही. जगभरात दरवर्षी साधारण शंभर कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातल्या तीस ते पन्नास लाखांना गंभीर होतो आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वासाच्या त्रासाने जातात, दरवर्षी, कुठलीही महामारी नसताना. आपल्याकडे ते मरण फ्लूच्या नावावर पडत नाही. म्हातारं माणूस गेलं, "छातीत कफ झाला होता", "अटॅक आला", संपलं, दारावर बसायला लोक येतात आणि त्या बसणाऱ्यांतही दोघं खोकत असतात. मग गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, परत सगळे गोळा.

हार्ट अटॅकचं वरती म्हटलं ते उगाच नाही म्हटलं. कॅनडात एक अभ्यास झाला होता, २०१८ साली छापून आला, त्यात दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सहापट होता. सहापट! अंगात इन्फेक्शनची आग पेटलेली, रक्त गुठळ्या करायच्या मागे, हृदयाला जास्त काम, आणि आधीच नळ्या अरुंद झालेल्या. म्हणून मी काउंटरवर साठीच्या पुढच्या माणसाने तापाची गोळी मागितली की छातीत काही होतंय का, धाप लागते का, विचारतो, आणि लोकांना वाटतं हा भोचक आहे.

बाळांचं तर वेगळंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला वाचवायचे दोनच मार्ग, एक म्हणजे आईने गरोदरपणात लस घ्यायची, त्यातलं संरक्षण बाळाला जन्मल्यावर काही महिने पुरतं, आणि दुसरा म्हणजे आजारी माणसाने बाळाजवळ जायचं नाही. दुसरा मार्ग फुकट आहे आणि तोच आपल्याला सगळ्यात महाग पडतो. बाळंतिणीला भेटायला गेलो आणि बाळाला हातात घेतलं नाही, गालाचा पापा घेतला नाही, तर माणूस शिष्ट ठरतो. आणि घरच्या बाईने "ताई, तुम्हाला खोकला आहे तर लांबूनच बघा" म्हटलं की ते वाक्य पुढे दहा वर्षं नात्यात फिरतं. माझ्या माहितीतल्या एका सुनेने हे म्हणून दाखवलं होतं, सासूने तिची बाजू घेतली हे विशेष, आणि तरीही आत्याबाई रुसल्याच. रुसू द्या. आत्याबाईंची समजूत काढता येते.

जुन्या लोकांना हे जास्त कळत होतं असं मला कधी कधी वाटतं, कारण त्यांनी बघितलं होतं. आमच्याकडे म्हातारी माणसं मानमोडीची साथ म्हणायची ती १९१८ची फ्लूचीच साथ. १० जून १९१८ला मुंबईत गोदीवर ड्युटी करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले तिथून सुरुवात, बाहेरून लढाईवरचे सैनिक घेऊन येणाऱ्या बोटींतून ती आली असं मानतात, पहिली लाट तशी सौम्य गेली, लोकांनी तेव्हाही म्हटलंच असेल साधा ताप आहे. मग सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून ती रेल्वेने पसरली, आणि भुसावळसारखं जंक्शन ज्या खान्देशात आहे तो काय तिच्या वाटेबाहेर होता? त्यात त्या वर्षी पाऊस पडलेला नाही, धान्य महाग, माणसं आधीच उपाशी. मुंबई इलाख्यात, ज्यात आपला पूर्व आणि पश्चिम खान्देश दोन्ही होते, दहा लाखांहून जास्त माणसं गेली आणि देशभरात एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख असा अंदाज देतात. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं एकमेव दशक आहे ज्यात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली. आणि म्हातारे नाही, त्या वेळी वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं जास्त गेली, त्यातही बाया जास्त, कारण घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार? आणि स्वतः आजारी पडल्यावर तिच्या उशाशी कोण?

तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, लस नव्हती, गावोगावी ऑक्सिजन नव्हता, खरं आहे, आज तसं होणार नाही. पण २००९ आठवा. जूनमध्ये महामारी जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मग पुण्यात शाळा बंद, थिएटरं बंद, रुमालाला भाव आला. लोकांना वाटतं तो स्वाइन फ्लू आला आणि गेला. तो कुठेही गेलेला नाही, तो दरवर्षीच्या फ्लूत मिसळून राहिलाय, एखाद्या वर्षी गप्प बसतो आणि एखाद्या वर्षी उसळतो. २०१५ला देशात ४२,५९२ केसेस आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले, आणि ते फक्त तपासलेले, आमच्या तालुक्याच्या ठिकाणी किती जणांची तपासणी होते हे तुम्हालाही माहितीये.

आता काउंटरकडे येतो, कारण मला खरा राग तिथे येतो.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "कडक गोया द्या भो, उद्या लग्नाले जानं शे." कडक म्हणजे काय तर अँटिबायोटिक, आणि नाव पण पाठ असतं, अझिथ्रोमायसिन, पाचशेची, तीन गोळ्या. फ्लू व्हायरसने होतो, सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं, व्हायरसच्या केसालाही धक्का लावत नाही. हे मी सांगितलं की गिऱ्हाईक मान हलवतं, हो हो म्हणतं, आणि "बरं मग दोनच द्या" म्हणतं. स्ट्रिपवर लाल रेघ असते ना उभी, ती त्यासाठीच आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही म्हणून, २०१६ला सरकारने त्याची मोहीम पण काढली होती. मार्च २०२३ला एच थ्री एन टू ह्या फ्लूच्या प्रकाराचा जोर होता तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच जाहीरपणे सांगितलं की उगाच अँटिबायोटिक लिहू नका. पण मी नाही दिलं तर दुसरीकडे मिळतं आणि तो माझ्याकडे पुन्हा येत नाही, हे पण लिहितो, कारण मेडिकलवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. आणि ह्या सवयीची किंमत काय तर खरा न्यूमोनिया होतो तेव्हा तीच औषधं चालत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियामुळे जगात २०१९ ह्या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसं थेट गेली. आपण लग्नाला जाता यावं म्हणून खाल्लेल्या तीन-तीन गोळ्या त्यात आहेतच की.

दुसरं म्हणजे "दोन टाइमचा डोस बांधून द्या." कागदाच्या पुडीत चार रंगांच्या सुट्ट्या गोळ्या, त्यात एक बारीक पांढरी असते ती बऱ्याचदा स्टेरॉइड. तिच्यामुळे माणसाला संध्याकाळी एकदम हुशारी येते, ताप उतरतो, अंग हलकं, "काय गोळी दिली राव!" आणि व्हायरस आत आहे तिथेच आहे, उलट शरीराची त्याच्याशी लढायची ताकद दाबली गेलीये, शुगरवाल्याची शुगर चढलीये, आणि हा बरा झालो समजून गर्दीत फिरतोय. खेड्यावर तर सुई आणि सलाईन लावल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखंच वाटत नाही. फ्लूच्या माणसाला तोंडाने पाणी पिता येत असेल तर सलाईनने त्याचं फार काही वेगळं होत नाही, पण बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांना समाधान.

ज्या गोळीचा खरंच उपयोग आहे ती कोणी मागत नाही. ऑसेल्टॅमिव्हिर. फ्लूवर काम करणारं औषध हे आहे, आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. २००९ला सुरुवातीला ही गोळी दुकानात मिळत नव्हती, नंतर बरीच वर्षं मोजक्याच दुकानांत होती, आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. सगळ्यांना ती लागत नाही, धडधाकट माणसाला तर सहसा नाहीच, पण वरच्या यादीतल्या माणसाला लागते, आणि आमच्याकडे तो माणूस दोन दिवस घरच्या काढ्यावर, दोन दिवस माझ्या दुकानातल्या गोळ्यांवर, एक दिवस गावातल्या सुईवर काढून पाचव्या दिवशी धुळ्याला नाहीतर जळगावला नेला जातो. तोपर्यंत ४८ तासांची वेळ केव्हाच टळलेली. काढ्याला माझा विरोध नाही हां, अद्रक-गवती चहा-तुळस मी स्वतः घेतो, घशाला बरं वाटतं, गरम पाणी पोटात जातं, चांगलंच आहे. फक्त त्याने आबांची धाप थांबणार नाही.

सरकारची एक साधी पद्धत आहे, फ्लूच्या पेशंटची अ, ब, क अशी तीन गटांत वाटणी, ती घरोघरी माहिती पाहिजे असं मला वाटतं. अ म्हणजे हलका ताप, खोकला, घसा: घरीच थांबा, तपासणी नको, एक-दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बघायचं. ब म्हणजे एकतर ताप जास्त आहे नाहीतर हलकाच आहे पण माणूस जोखमीच्या यादीतला आहे: डॉक्टरकडे जा, ऑसेल्टॅमिव्हिर लागेल का ते ते ठरवतील. आणि क म्हणजे धाप लागते, छातीत दुखतं, माणूस गुंगीत आहे, बीपी उतरलंय, बेडक्यात रक्त, नखं निळी, लहान मूल असेल तर दूध पीत नाही, एकदम मलूल: मग घरी वाट बघायची नाही, गाडी काढायची. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा जोरात ताप आला तर तेही धोक्याचं, मागून न्यूमोनिया होतोय असं समजून चालायचं. आणि अजून एक, लहान मुलाला तापात ॲस्पिरिन द्यायचं नाही, फ्लूत त्याने मेंदू आणि लिव्हरवर परिणाम होणारा एक दुर्मिळ पण भयंकर आजार होऊ शकतो. घरात आबांच्या हार्टच्या गोळ्यांचं पाकीट असतंच, त्यात ॲस्पिरिन असू शकतं, म्हणून लिहिलं.

"घरी थांबा" हे लिहायला सोपं आहे, मला माहितीये. केळीची गाडी भरणारा मजूर, कापूस वेचणारी बाई, जिनिंगमध्ये काम करणारा, हे तापात घरी थांबले तर त्यांचा रोज बुडतो आणि टोळीतली जागा दुसऱ्याला जाते. त्यांना मी काय तोंडाने सांगू? जिनिंगमध्ये तर कापसाच्या धुळीने सगळेच खोकत असतात, त्यात कोणता खोकला कशाचा हे कोण बघतं. त्यांच्यासाठी मुकादमाने, मालकाने दोन दिवसांची मजुरी सोडली पाहिजे, आणि हे दानधर्म म्हणून नाही म्हणत मी, एक तापलेला माणूस पिकअपमध्ये बाकीच्या वीस जणांसोबत कोंबून नेला तर पुढच्या आठवड्यात मालकाचीच गाडी भरायला माणसं नसतात. पण ज्यांचा रोज बुडत नाही त्यांचं काय? मास्तर, बँकवाले, ऑफिसवाले, आम्ही दुकानदार? तापात पण कामावर आलो हे कौतुकाने सांगायची जी पद्धत आहे ती आधी बंद करायला पाहिजे.

शाळा तर ह्यात पुढे. वर्षभर शंभर टक्के हजेरी म्हणून गॅदरिंगला बक्षीस, पोराचा फोटो, आईबापाला स्टेजवर बोलावतात. हेतू चांगला आहे, पूर्वी पोरं कापूस वेचायला जायची म्हणून शाळेत गळती होती, ती थांबावी म्हणून हे आलं असेल. पण आज त्याचा अर्थ असा होतो की पोरगं फणफणलंय, आई सकाळी तापाचं सिरप पाजते, दहा वाजता ताप उतरतो, पोरगं शाळेत, दोन वाजता औषधाचा असर संपतो, पोरगं बाकावर डोकं टाकून, आणि शेजारचे तिघं संध्याकाळी घरी जाऊन आपापल्या आजीच्या कुशीत. शाळकरी पोरं ही फ्लूची सगळ्यात जोरात वाटप करणारी मंडळी आहेत. त्या बक्षिसाच्या ऐवजी दुसरं काहीही द्या, सुंदर अक्षराचं द्या, झाडाला पाणी घालण्याचं द्या. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मगच शाळेत, एवढा एक नियम केला तरी खूप झालं.

मास्कचं काय लिहू, कोरोना गेला तसे मास्कही गेले. मी सर्दी झाली की दुकानात मास्क लावून बसतो तर दर दुसरा माणूस विचारतो, परत आला का? परत नाही आला हो, मला सर्दी झालीये, तुमच्या घरी जाऊ नये म्हणून लावलाय. असं सांगितलं की लोक दोन पावलं मागे सरकतात, ते पण चांगलंच आहे. खिडक्या उघड्या ठेवा म्हटलं की थंडी लागेल म्हणतात. जळगाव जिल्ह्यात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, कळतं मला, पण थंडीने फ्लू होत नाही, थंडीमुळे आपण दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत एकमेकांचा श्वास घेत बसतो त्याने होतो. एसटीत पण तेच, चोपड्यापासून अमळनेरपर्यंत सगळ्या काचा बंद. निदान समोरासमोरच्या दोन थोड्या सरकवा.

आणि गावात एकाच आठवड्यात खूप जण तापाने पडलेत असं दिसलं तर आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. ताप-खोकल्याचे पेशंट मोजायची सरकारी यंत्रणा आहे, पण लोक सरकारी दवाखान्यात गेलेच नाहीत, माझ्याकडून गोळ्या घेऊन घरी बसले, तर त्यांच्या कागदावर गाव ठणठणीतच दिसणार.

लसीबद्दल विचारतात म्हणून शेवटी सांगतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस रूप बदलत राहतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते की लसीत कुठले प्रकार घ्यायचे. शंभर टक्के संरक्षण देत नाही, चांगल्या वर्षी चाळीस ते साठ टक्के, पण झालाच फ्लू तर माणूस दवाखान्यापर्यंत जायची शक्यता कमी होते. असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून कानबाईच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही, पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. स्वस्त नाही, दीड-दोन हजार लागतात, सगळ्या घराला परवडत नाही हेही कळतं, मग निदान घरातल्या शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाला आणि गरोदर सुनेला, डॉक्टरांना विचारून. मी जास्त स्टॉक ठेवत नाही कारण लस दोन ते आठ डिग्रीतच राहायला पाहिजे आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा पाहिजे असेल तर आदल्या दिवशी चिठ्ठी दाखवून सांगून ठेवा म्हणजे जळगावहून मागवतो. घ्यायला येताना थर्मास नाहीतर बर्फाचा डबा आणा, पण लस बर्फाला चिकटवून ठेवू नका, मधे कापडाची घडी घाला, गोठली की वाया जाते. आणि दुकानातून थेट डॉक्टरकडे जा, मधे कोणाकडे चहाला थांबू नका.